मगर अंग झटकत नाही

व्याहीबुवा,

परवा तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्या, माणसं पांगली, मांडववाला खुर्च्या एकावर एक चढवायला लागला, आणि मी सवयीने वाडीच्या मागच्या अंगाला गेलो, तुमच्या तळ्याकाठी. तळं म्हटलं की तुम्हाला राग यायचा. "बावखल म्हणा हो. आमच्या आगाशीत याला बावखल म्हणतात." तर बावखलाकाठी. तिथे आपल्या दोन खुर्च्या तशाच होत्या. मी माझ्या खुर्चीत बसलो. तुमच्या खुर्चीत बसायचं धाडस अजून होत नाही.

थोड्या वेळाने विहीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी मनवेलपाड्याला घरी परतलो, आणि दोन दिवस झाले, माझं चित्त थाऱ्यावर नाही. हिने विचारलं, "तिकडचं जेवण बाधलं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय एकदा लागली की सहजासहजी सुटत नाही.

विहीणबाई काय म्हणाल्या ते नंतर सांगतो. आधी माझं. मी तुमच्याशी खोटं बोललो, व्याहीबुवा. जानेवारीत सुंदरबनात मला वाघ दिसला. तुम्हाला दिसला नाही. ज्याच्यासाठी आपण तीन वर्षं जात होतो तो वाघ मी पोटभर पाहिला, आणि तुम्हाला सांगितलं की मगर होती. आठ महिने मी ती मगर सांभाळली. तुम्ही गेलात तरी ती माझ्याचकडे आहे.

तसं आपलं नातंच अवघड. मी मुलीचा बाप. कऱ्हाडकडून आलेला, वालीवच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. तुम्ही आगाशीचे वाडीवाले, केळी-चाफ्याचे धनी, मुलाचे बाप. आमच्याकडे मुलीचा बाप लग्नात जेवत नाही, हात जोडून उभा राहतो. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं होतं. मेधाच्या लग्नात मीही तसाच उभा होतो, पंगतीच्या टोकाला, घामाने निथळत. तुम्ही पानावर बसलात, वाढणाऱ्याचा हात अडवलात, आणि शेजारच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकलात. "ते येऊन बसत नाहीत तोवर माझ्या पानात मीठसुद्धा वाढायचं नाही." पंगत खोळंबली. तुमच्याकडचे काका-मामा माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी येऊन बसलो, कानशिलं तापलेली. तुम्ही तुमच्या पानातली जिलबी माझ्या पानात टाकलीत आणि म्हणालात, "झालं. आता सारखे."

तुमच्या दृष्टीने ते तिथेच मिटलं. माझे हात मात्र मनातल्या मनात जोडलेलेच राहिले.

वाघाचं खूळ तुमचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मेधा आणि जावईबापूंनी आपल्या चौघांना सहलीला पाठवायचं ठरवलं तेव्हा ती दोघं ताडोबा म्हणत होती. तुम्ही मान हलवलीत. "रस्त्यावर बसलेला वाघ जीपमधून बघायचा, तर मग सर्कस काय वाईट होती? मला चिखलातला वाघ बघायचाय. तिवरांतला."

याच्या मुळाशी तुमचे आजोबा. त्यांनी पोरवयात खाडीकाठच्या तिवरांत पट्टेरी वाघ पाहिला होता म्हणे. तुंगारेश्वराच्या डोंगरातून उतरून खाजणात आलेला, ओहोटीच्या चिखलातून पाय उपसत चाललेला. ही गोष्ट तुम्ही मला पन्नास वेळा सांगितली असेल. मी पन्नास वेळा म्हटलं, "बिबट्या असेल."

"पट्टे होते."

"चिखलाचे ओघळ असतील."

"आजोबांना ओघळ आणि पट्टे यांतला फरक कळत नव्हता?"

"नोंद कुठे आहे?"

मी स्टोअरचा माणूस. नोंद नाही तर माल नाही, हा माझा तीस वर्षांचा धर्म. तुम्ही चिडायचात, विहीणबाईंकडे वळून तुमच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलायचात. ती बोली मला अजून धड कळत नाही, पण ते माझ्याबद्दल असायचं आणि चांगलं नसायचं, एवढं नक्की.

तर सुंदरबन. गोसाब्यापलीकडच्या बेटावरचं ते लॉज तुम्हाला आठवत असेल, म्हणजे काय, तुम्हालाच आठवत असेल. बांबूच्या खोल्या, मधे तळं, बांधाखाली नदी, आणि पलीकडच्या काठाला जंगल. जंगलाच्या कडेने लांबच लांब नायलॉनची जाळी, वाघाने नदी ओलांडून गावात येऊ नये म्हणून. रोज सकाळी नाश्त्याआधी होडीत बसायचं आणि दिवसभर खाड्याखाड्यांतून हिंडायचं. पहिल्या वर्षी हिने आणि विहीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले. विहीणबाई म्हणाल्या, "चिखल बघायला एवढ्या लांब आणलंत? घरच्या वाटेवर काय कमी होता?" पुढच्या वर्षीपासून आपण दोघंच.

तुम्ही मात्र तिथे माहेरी आल्यासारखे वागायचात. "अहो, ही तिवरंच. नाव तेवढं बंगाली ठेवलंय." चिखलावर उड्या मारणारे मासे, निवट्या, दिसल्या तेव्हा तुम्ही माझा दंड असा धरलात की मला वाटलं वाघच दिसला. "बघा, आपल्याच!" होडीवाला निताई, त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी वाडीतली सुकेळी दिलीत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानांत बांधलेली. तो चावत राहिला आणि म्हणाला, "दादा, ये केला है?" त्यानंतर तो आपल्याला इतर होड्यांपेक्षा अर्धा तास जास्त फिरवायचा. त्याचे वडील मध काढायला जंगलात गेले ते परत आलेच नाहीत. तो वाघाला वाघ म्हणायचा नाही, मामा म्हणायचा. जंगलाच्या खाडीत शिरताना हात बुडवून पाणी कपाळाला लावायचा. दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही लावायला लागलात. मला सुरुवातीला हसू आलं, मग मीही लावलं.

होडीच्या छतावर दोन खुर्च्या होत्या. एक अगदी पुढे, नाळेवर, जिथून दोन्ही काठ उघडे दिसायचे. दुसरी तिच्या मागे, दोरखंडाच्या वेटोळ्याला खेटून. पुढची खुर्ची मी तुम्हाला द्यायचो. तुम्ही नको म्हणायचात, मी बसा म्हणायचो, आणि निताई इंजिनावर हात ठेवून आपला हा लग्नातला कार्यक्रम उरकायची वाट बघायचा. दुसऱ्या वर्षी तुमचा पारा चढला. "मी इथे रुखवत बघायला आलोय का? एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. वाघाला काय ठाऊक, मुलाचा बाप कोण नि मुलीचा कोण."

मी कबूल केलं. आणि माझ्या पाळीच्या दिवशी कधी डोळ्यांवर ऊन येतंय, कधी गुडघा आखडलाय असं सांगून मागे जाऊन बसलो. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि काही न बोलता पुढे जाऊन बसायचात. तुम्हाला कळत होतं. तुम्हाला नेहमीच कळायचं, हीच तर माझी पंचाईत झाली.

पहिल्या दोन वर्षांत आपल्याला काय दिसलं? ठसे. चिखलात ताजे, पाण्याने भरलेले ठसे. हरणं, रानडुकरं, धीवर पक्षी, दोन-चार मगरी. वाघ नाही. माझी निराशा व्हायची, तुमची नाही. कारण संध्याकाळी लॉजच्या पडवीत ज्याला कुणाला वाघ दिसलेला असेल त्याच्या टेबलाशी तुम्ही सुकेळीचा डबा घेऊन हजर. ते कलकत्त्याचे शिक्षक आणि त्यांची बायको आठवतात? त्यांना अर्ध्या मिनिटाचा वाघ दिसला होता. तुम्ही त्यांना तासभर बसवून घेतलंत. पाण्यातून वर येताना कोणता पाय आधी टेकला? शेपूट पाण्यावर होतं की पाण्यात? कान कसे होते? तो बिचारा म्हणाला, "इतना तो हमने देखा नहीं." त्याच्या बायकोने मात्र पाहिलं होतं. ती सांगत होती आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत आल्यावर मी म्हटलं, "अहो, लोक काय म्हणतील?" तुम्ही म्हणालात, "बघणाऱ्याने नीट सांगितलं की अर्धा वाघ आपल्याला दिसतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढच्या वर्षी येऊ."

हे वाक्य मी ऐकलं होतं, व्याहीबुवा. ते मला पाठ होतं. आणि तरीही.

तिसऱ्या वर्षी तुमच्या हृदयाचं दुखणं सुरू झालेलं होतं. दोन जिने चढलात की बोलता येत नव्हतं. मेधा नको म्हणत होती, डॉक्टर हो-नाहीच्या मधे होते. विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "न्या त्यांना. नाहीतर वर्षभर त्या खुर्चीत बसून पाण्याकडे बघत बसतील." मी नेलं. होडीत चढताना मी तुमचा हात धरला तेव्हा तुमचं वजन किती उतरलंय ते मला कळलं.

शेवटच्या दिवसाची सकाळ. आदल्या रात्री तुम्हाला झोप नव्हती. दहाच्या सुमाराला तुम्ही पुढच्या खुर्चीतून उठलात. "जरा खाली पाठ टेकतो. तुम्ही बसा इथे. आणि आज गुडघ्याचं कारण चालणार नाही." सात पायऱ्या उतरून तुम्ही खालच्या फळीवर आडवे झालात. उतरताना मागे वळून म्हणालात, "दिसला तर हाक मारा."

मी म्हटलं, "अर्थात."

मी तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो होतो. पाव तासही झाला नसेल. ओहोटी लागली होती, दोन्ही काठांचे चिखल उघडे पडत होते. निताईने एकदम इंजिन बंद केलं आणि बोट केलं. डाव्या काठाच्या झुडपांतून तो बाहेर आला.

तो कसा आला ते शेवटी सांगतो. आत्ता फक्त माझं सांगतो. निताई माझ्या कानाशी कुजबुजला, "दादा को बुलाओ." मी ऐकलं. मी हललो नाही. नंतर मी स्वतःला बजावलं की हाक मारली असती तर तो पळून गेला असता. पण पायऱ्या सातच होत्या, आणि खाली वाकून तुमच्या पायाला हात लावायला आवाज करावा लागत नाही. मग मी स्वतःला असं सांगितलं की तुम्ही धावत वर आला असता तर छातीवर ताण आला असता. हेही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. खरं सांगू? त्या दोन-अडीच मिनिटांत तुम्ही माझ्या डोक्यातच नव्हता. मुलीचा बाप नाही, मुलाचा बाप नाही, कुणी नाही. जन्मात पहिल्यांदा मी पुढच्या खुर्चीत बसलो होतो आणि मला उठायचं नव्हतं.

तो गेला. तेव्हा तुम्ही आठवलात. निताई माझ्याकडे बघत होता. मी त्याला हातानेच सांगितलं, बोलू नकोस. त्याने मान खाली घातली आणि इंजिन सुरू केलं. त्या माणसाने तो शब्द पाळला. ज्या दादाची सुकेळी त्याने खाल्ली त्यालाच मी त्याला फसवायला लावलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

मी खाली आलो. तुम्ही जागे होता. "इंजिन का बंद केलं होतं?"

"मगर होती."

"मोठी?"

"बरी होती. नदी ओलांडून या काठाला आली."

"मग?"

माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतंच, तर मी दुसरं काय सांगणार? "वर आली, अंग झटकलं, आणि गेली आत."

तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत. "झटकलं?"

"हो, म्हणजे... पाणी निथळलं."

"बरं," म्हणालात आणि कुशीवर वळलात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात त्या दिवशी तेवढंही नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

मी का लपवलं, याचं उत्तर मी आठ महिने सजवत होतो. तुम्ही आजारी, तुम्हाला वाईट वाटेल, वगैरे. त्यात थोडं खरं आहे. पण मुख्य कारण मला लाजेचं वाटतं म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही. मुलाच्या बापाच्या आधी मी जेवलो होतो, व्याहीबुवा. ते तोंडाने कसं सांगायचं? तुम्ही पंगतीत रुमाल टाकून माझ्यासाठी थांबलात, आणि माझी पाळी आली तेव्हा मी एकट्यानेच पान चाटूनपुसून उठलो. आणि वर हात जोडून उभं राहायचं, तर तुम्हाला त्याचाच राग. म्हणून मग मगर.

त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी मी रिक्षाने आगाशीला येत होतो. बावखलाकाठी चहा व्हायचा, आजोबांच्या वाघावरून आपलं वाजायचं, आणि कधीतरी मधेच तुम्ही म्हणायचात, "ती मगर सांगा ना."

"किती वेळा?"

"अहो, सांगा. मी झोपलो होतो ना."

मी सांगायचो. दर वेळी थोडी सुधारून. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, पडवीतल्या त्या बाईचं ऐकलं होतंत तसे. मधेच एखादा प्रश्न. "पाण्यात शिरताना थांबली होती का?" मी म्हणायचो, थांबली होती. "मागे वळून बघितलं?" हो, एकदा. तुम्ही म्हणायचात, "हं." आणि डोळे उघडून माझ्याकडे बघत राहायचात. मी कप उचलून आत ठेवायला जायचो. मला वाटायचं, आजारपणाने माणूस एकाच गोष्टीत अडकतो. मी घरी येऊन हिला म्हणालोसुद्धा, "व्याहीबुवा आताशा त्याच त्या गोष्टी विचारतात."

तुम्ही दार उघडून उभे होता आणि मी दर वेळी बाहेरून कडी लावून येत होतो.

हॉस्पिटलात शेवटचं बोलणं झालं तेही तेच. नाकाला नळी, आवाज गेलेला. मेधा औषध आणायला खाली गेली होती. तुम्ही बोटाने मला जवळ बोलावलंत. "मगर."

मी सांगितली. तोपर्यंत मी हुशार झालो होतो. मगर आली, नदी ओलांडली, चिखलावर चढली, आत गेली.

तुम्ही म्हणालात, "या वेळी झटकलं नाही?"

मी म्हटलं, "मगर कुठे अंग झटकते?"

तुम्ही हसलात. ओठ हलले तेवढेच, पण ते हसू होतं. "तेही खरं," म्हणालात, आणि माझ्या हातावर हात ठेवलात. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

आता विहीणबाई परवा काय म्हणाल्या ते. मी चहा घेत होतो. त्या तुमच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. बावखलाकडे बघतच म्हणाल्या, "तुम्हाला वाघ दिसला होता ना?"

त्या बोलत राहिल्या, रागाने नाही, अगदी रोजच्या आवाजात. "त्यांना ठाऊक होतं. आले त्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी मला म्हणाले, मगर कधी अंग झटकते का गं? आणि हसत सुटले. मी म्हटलं, मग फोन लावून सरळ विचारा की. तर म्हणाले, नको. विचारलं तर तो माणूस परत माझ्यापुढे हात जोडून उभा राहील. मला ते बघवत नाही. आपण होऊन सांगेल. सांगेल त्या दिवशी बसवून घेतो त्याला, सगळं विचारून घेतो."

मी कप पायाशी ठेवला.

त्या म्हणाल्या, "वाट बघत होते हो. तुमची रिक्षा दारात आली की मला म्हणायचे, आज बहुतेक सांगतो."

आज बहुतेक. विरार स्टेशनवरून मी रिक्षात बसायचो, पिशवीत तुमच्यासाठी बिनमिठाची बिस्किटं, आणि तिकडे तुम्ही म्हणत असायचात, आज बहुतेक. आठ महिन्यांत किती वेळा आलो असेन मी? तुम्हाला मी वाघ दाखवू शकलो नाही याचं दुःख मला होतंच. पण तुम्हाला अर्धा वाघ पुरला असता. तो माझ्या हातात होता, आणि मी तो तुमच्या खुर्चीसमोर बसून, चहा पीत, स्वतःजवळ ठेवला. तुम्ही माझा मान राखलात. मी तुमचा राखतोय असं समजत होतो.

मला तुमचा राग आला, हेही सांगतो. परवा रिक्षात बसल्यावर आला. एकदा विचारायचं होतंत. एकदा म्हणायचं होतंत, "खोटारड्या, सांग." मी हात जोडले असते तर जोडले असते, दोन मिनिटं बघवलं नसतं तुम्हाला, मग मी सगळं सांगितलं असतं. आपण दोघांनी एकमेकांना सांभाळण्यात आठ महिने घालवले आणि आठ महिनेच तेवढे होते. पण हा राग टिकत नाही. घरी पोचेपर्यंत जिलबी आठवली, रुमाल आठवला. माझ्यासारख्या माणसासाठी पंगत थांबवणारं दुसरं कुणी माझ्या आयुष्यात आलं नाही, आणि आता येणार नाही. मेधा तुमच्या घरात कधी पाहुण्यासारखी वागली नाही, हे तुमच्यामुळे. त्याचेही आभार मी कधी मानले नाहीत. ते तरी ऐकून घ्या.

आता वाघ. डोळे मिटा.

डाव्या काठाला झुडपं होती, पिवळट पात्यांची, आपण त्यांच्यावरून आदल्या वर्षी वाद घातला होता ती. आधी ती हलली नाहीत. म्हणजे हलली असतील, मला दिसलं नाही. डोकं बाहेर आलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं वाळलेलं पान आहे. मग पान चालायला लागलं. उतारावर तो बसल्यासारखा घसरत आला, घाई नाही. पाण्यापाशी थांबला. हो, थांबला होता, ते मी मगरीचं म्हणून सांगितलं ते खरं आहे. जीभ लावली, पाणी आवडलं नाही, तोंड वाकडं केलं. मग शिरला. शेपूट पाण्यावर होतं, टोकाला थोडं वळलेलं. कान उभे, मागे नाही. पोहताना श्वासाचा आवाज येत होता. निताईने सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं की तो आवाज वाघाचा आहे.

आपल्या काठाला आला. कोणता पाय आधी? उजवा पुढचा. तो कोपरापर्यंत रुतला. मग डावा. प्रत्येक पाय उपसताना चिखलाचा आवाज व्हायचा, भाताच्या खाचरात आपला होतो तसाच. मधे एकदा अडकला आणि वैतागून थांबला, खरंच वैतागला होता. मग मागे वळून आपल्या होडीकडे बघितलं. राग नव्हता त्यात. दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे तुम्ही वाडीतून बघायचात, तेवढंच. मग वर चढला आणि अंग झटकलं. आधी मान, मग पाठ, शेवटी शेपूट. पाणी आपल्या होडीपर्यंत आलं नाही, पण मी क्षणभर डोळे मिटले.

आणखी एक. पोटापासून खांद्यापर्यंत त्याच्या अंगावर चिखलाचे ओघळ होते. आणि पट्टेही होते. दोन्ही वेगवेगळे कळत होते, व्याहीबुवा. लांबूनही कळत होते, पोरवयातल्या मुलालासुद्धा कळले असते. आजोबांचं खरं होतं. ही माझी नोंद समजा.

आणि या सगळ्याच्या आधी, निताईने बोट केलं त्या वेळेला, खाली वाकून तुमच्या पायाला हात लावून मी एवढंच म्हणायला हवं होतं:

व्याहीबुवा, उठा. वर या. आलाय.